जुनी गाडी चालवताय? धनकवडीतल्या या गॅरेजला एकदा बॉनेट उघडून दाखवा

आधी निकाल सांगते. पाचपैकी साडेचार, आणि अर्धा का कापला तेही खाली लिहिलंय. गाडी दहा-बारा वर्षांच्या वरची असेल, पेट्रोलवरची असेल आणि तुम्ही तिला घेऊन घाट चढत असाल तर हा रिव्ह्यू पूर्ण वाचा, मोठा आहे पण कामाचा आहे. पुण्यात धनकवडीत मेन रोड सोडून आत गल्लीत पत्र्याची शेड आहे, दोन गाड्या आत मावतात, तिसरी बाहेर उभी असते. बाहेरून बघाल तर कुठलंही गॅरेज असतं तसंच. पण इथं मला पहिल्यांदा असा माणूस भेटला जो ऑइल फिल्टर बदलायच्या आधी "ही गाडी पेटू शकते का" हे बघतो.

आमची वॅगन आर २००६ ची, १०६१ सीसीचं जुनं इंजिन. बाबांनी घेतलेली, आता मी चालवते. पंधरा वर्षांनंतरचं रिपासिंग झालंय, ग्रीन टॅक्स भरलाय, पीयूसी वेळच्या वेळी, आणि गाडी खरंच छान पळते, विकायचा प्रश्नच नाही. साताऱ्याला आईकडे जाताना खंबाटकी घाट लागतो. उन्हाळ्यात दुपारची वेळ, एसी चालू, पुढं ट्रक, सेकंड गिअरमध्ये रांगत चढायचं, त्यात इंजिनचा कस लागतो. घाटात, एक्सप्रेसवेवर कार पेटल्याच्या बातम्या आपण सगळेच वाचतो, "बर्निंग कार" हेडिंग आणि खाली एक ओळ, "शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज". बस, तिथं बातमी संपते. शॉर्ट सर्किट कशामुळं झालं, ते आधी कळलं असतं का, हे कुणीच लिहीत नाही.

मला इथं यायचं कारण वेगळंच होतं. सकाळी पहिल्या स्टार्टला पेट्रोलचा वास यायचा, पाच मिनिटांत जायचा. आधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला दाखवलं, नाव घेत नाही, तिथं सांगितलं टाकी फुल केली की येतो वास, नॉर्मल आहे. वॉशिंग-पॉलिशिंगसकट बिल लावलं आणि गाडी परत. वास तसाच. मग शेजारच्या काकूंनी या गॅरेजचं नाव सांगितलं, त्यांची जुनी झेन इथंच असते.

इथल्या काकांनी (साठीचे असतील, सगळे काकाच म्हणतात) पहिला प्रश्न विचारला, "ताई, वास गाडी थंड असताना येतो का गरम झाल्यावर?" म्हटलं सकाळीच येतो, नंतर नाही. "मग गाडी आज रात्री इथंच राहू द्या. आत्ता गरम इंजिनवर मला काही दिसायचं नाही." कारण नंतर समजावून सांगितलं. होज म्हणजे पेट्रोलचा रबरी पाइप, तो जुना झाला की रबर कडक होतं, थंडीत आक्रसतं आणि क्लिपपाशी पकड सैल पडते, तिथून पेट्रोल पाझरतं. इंजिन तापलं की रबर फुगतं, गळती बंद होते, आणि जे काही सांडलं असेल ते गरम लोखंडावर उडून जातं. म्हणजे दुपारी गाडी गॅरेजला नेऊन बॉनेट उघडलं तर सगळं कोरडं. त्या मोठ्या सेंटरला काही दिसलं नाही याचं मला नवल वाटत नाही, पण त्यांनी हा प्रश्न तरी विचारायला हवा होता असं मला अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला समोर उभं करून दाखवलं, हे मला फार आवडलं. इंजिन स्टार्ट केलं नाही, नुसती चावी ऑन केली. मागच्या सीटखालून झूंऽऽ असा बारीक आवाज येतो ना दोन सेकंद, तो टाकीतला पंप लाइनमध्ये प्रेशर भरतो. ऑफ, परत ऑन, असं करून प्रेशर पूर्ण झाल्यावर काकांनी टॉर्च मारला आणि लोखंडी पाइप जिथं संपतो आणि इंजिनकडे जाणारा वीतभर रबरी होज सुरू होतो त्या जोडावर पांढऱ्या टिश्यूचा कोपरा टेकवला. कोपरा ओला. मी वास घेतला, पेट्रोल. थेंब पडत नव्हता, नुसती ओल होती, डोळ्यांना दिसलीच नसती.

मग लगेच पाना लावला नाही. आधी पंपाचा रिले (पंपाला करंट देणारा स्विच) काढून इंजिन चालू केलं, लाइनमधलं पेट्रोल संपून ते आपोआप बंद पडलं, म्हणजे प्रेशर उतरलं, मग बॅटरीची मायनस काढली, आणि तेव्हा कुठं क्लिप ढिली केली. खाली चिंधी धरलेली, ती चिंधी लगेच शेडच्या बाहेर नेऊन टाकली. शेजारी एक जण विडी ओढत उभा होता त्याला गल्लीच्या तोंडाशी पाठवलं. हे सगळं मी मुद्दाम लिहितेय कारण चालू प्रेशरवर होज खेचून पेट्रोलचा फवारा उडवणारे मेकॅनिकही मी बघितलेत.

तो काढलेला होज काकांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले वाकवा. सरळ धरला तर काळा, गुळगुळीत, काही झालेलं वाटत नाही. वाकवल्यावर बाहेरच्या बाजूनं वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा कडकड तडकला, बारीक बारीक भेगा उघडल्या आणि एका भेगेतून आतला दोऱ्याचा थर दिसत होता. क्लिपची जागा तर रबरात रुतून कापलीच गेली होती, कारण कधीतरी कुणीतरी साधी स्क्रूची पट्टी आवळून आवळून बसवलेली. फ्यूएल इंजेक्शनसाठी कडा वळवलेली गुळगुळीत क्लिप येते, ती रबर कापत नाही.

होज बदलताना एक गोष्ट लक्षात ठेवा. पेट्रोल पाइप म्हणून नाना पेठेत जो मिळतो त्यात प्रकार आहेत आणि वरून सगळे काळेच दिसतात. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत लाइनचं प्रेशर अर्ध्या बारच्याही खाली असतं, इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे आमच्यासारख्या, साधारण तीन बार (बार हे दाबाचं माप). कार्ब्युरेटरचा होज इंजेक्शनच्या गाडीला बसतो, मापाला फिट होतो, काही महिने चालतोही. आणि मग एक दिवस फुगतो किंवा फाटतो, आणि फाटला की तीन बारनं पेट्रोल गरम इंजिनवर फवारतं. इंजेक्शनसाठी चालणाऱ्या होजवर आर-९ असं छापलेलं असतं, कार्ब्युरेटरच्यावर आर-६ किंवा आर-७. काकांनी नवीन होज आणला तो मला छापील अक्षरं वाचायला लावूनच बसवला. तुम्ही कुठंही काम करा, हे वाचून घ्या, मीटरला शंभर-दोनशे रुपये वाचवायची ही जागा नाही.

शिवाय आता पेट्रोलच बदललंय. २०२५ पासून आपल्याकडे पंपावर मिळतं त्यात साधारण २० टक्के इथेनॉल असतं. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे पार्ट त्या हिशोबानं आहेत, २००६ च्या गाडीचं रबर त्या हिशोबानं बनलेलंच नाही. सरकारनंही २०२५ मध्ये सांगितलं की काही जुन्या गाड्यांत रबरी पार्ट आणि गास्केट बदलावे लागू शकतात. लोक ॲव्हरेज कमी झालं म्हणून बोलतात, ठीक आहे, ते खिशाला लागतं, पण होजबद्दल कुणी बोलत नाही आणि मला विचाराल तर जुन्या गाडीत आधी होज बघा. टाकीवरचा, फिल्टरजवळचा आणि इंजिनजवळचा, तिन्ही ठिकाणचे. इंजेक्टरच्या ओ-रिंग म्हणजे रबरी कड्याही.

पेट्रोलचीच एवढी भीती का, तर त्याची वाफ उणे चाळीस अंशालाही ठिणगी मिळाली तर पेटते. म्हणजे पुण्याच्या हवेत ती कायम पेटायला तयारच असते, फक्त ठिणगी हवी. आणि ठिणगी नसली तरी साधारण अडीचशे-पावणेतीनशे अंशांच्या पुढं पेट्रोल आपोआप पेट घेऊ शकतं, आणि घाटात चढताना सायलेन्सरचा मॅनिफोल्ड (इंजिनमधला जळालेला गॅस बाहेर नेणारा लोखंडी भाग) त्याच्या कितीतरी पुढं गेलेला असतो. ऑइलचं तसं नाही, ते आधी धूर देतं, वास देतं, थोडा वेळ देतं. आगीला लागणारी बॉनेटखालची हवा आपण काढू शकत नाही, उष्णताही काढू शकत नाही, आपल्या हातात फक्त गळती आणि वायरिंग एवढंच उरतं, असं काकांचं म्हणणं, आणि त्यांचं सगळं काम त्याच दोन गोष्टींभोवती फिरतं.

ऑइलचीही गळती निघालीच. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग कडक झालं होतं आणि ऑइल झिरपून खाली मॅनिफोल्डकडे उतरत होतं, त्यावर धूळ बसून काळा थर झाला होता. स्वारगेटच्या सिग्नलला बॉनेटच्या फटीतून कधी कधी करपट वास यायचा तो हाच. नवीन पॅकिंग टाकलं, कव्हर पुसून कोरडं करून, सिलिकॉनचा ढीग न लावता. बऱ्याच ठिकाणी जुन्याच पॅकिंगवर सिलिकॉन थापतात आणि ते दोन महिन्यांत परत गळतं. हीट शील्डचा एक बोल्ट गायब होता तो टाकला. साचलेलं ऑइल धुवायला डिझेल किंवा रॉकेल मारलं नाही, हेही सांगायला हवं. आपल्याकडे इंजिन चकचकीत दिसावं म्हणून डिझेलचा स्प्रे मारायची पद्धत अजून आहे, ते डिझेल वायरिंगच्या टेपमध्ये, कापडी स्लीव्हमध्ये मुरतं आणि तिथंच राहतं. यांनी पाण्यात मिसळायचं डिग्रीझर ब्रशनं लावून ओल्या फडक्यानं पुसलं. प्रेशरचं पाणी मारत नाहीत, कनेक्टरमध्ये पाणी जातं म्हणून. इंजिन अगदी शोरूमसारखं चमकत नाहीये, पण आता नवीन गळती सुरू झाली तर लगेच दिसेल.

आता वायरिंग. हे काम काका स्वतः करत नाहीत, त्यांच्याकडे एक वायरमन मुलगा येतो, पंचविशीचा असेल, फार बोलत नाही, पण हात बघत राहावा असा. गाडीला बाबांनी बऱ्याच वर्षांपूर्वी एका ॲक्सेसरीजच्या दुकानातून फॉग लाइट बसवून घेतले होते, धुक्यात महाबळेश्वरला जाताना लागतात म्हणून. त्या दुकानदारानं बॅटरीच्या प्लसवरून थेट वायर काढली होती. फ्यूज नाही, रिले नाही. बटणातूनच सगळा करंट. ती वायर बॅटरीमागच्या पत्र्यात भोक पाडून पलीकडे नेलेली आणि त्या भोकाला रबरी ग्रोमेट नव्हतं. मुलानं वायर दोन बोटांत धरून भोकातून थोडी पुढं ओढली आणि टॉर्च दिला माझ्या हातात. पत्र्याच्या धारेवर घासून घासून वायरचं प्लास्टिक एका बाजूनं पूर्ण गेलेलं, आतलं तांबं लखलखत होतं, आणि पत्र्यालाही तेवढीच घासल्याची चकाकी. मध्ये कागद जाईल एवढंही अंतर नव्हतं.

तो म्हणाला, "ही टेकली असती ना ताई, तर चावी बंद असली तरी जळाली असती." हे मला नीट कळायला वेळ लागला म्हणून इथं लिहिते. फ्यूज हा बल्ब वाचवायला नसतो, तो वायर वाचवायला असतो. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या वायरला कुणाचंच संरक्षण नसतं, म्हणून फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितकं चांगलं. आणि फ्यूजच नसेल तर ती अख्खी वायर मोकाट. प्लसची वायर बॉडीला टेकली की बॅटरी एका झटक्यात शेकडो अँपिअर सोडते, वायर लाल होते, वरचं प्लास्टिक पेटतं आणि तिथून पुढं स्लीव्ह, होज, सगळंच. इग्निशन बंद असलं तरी, कारण थेट बॅटरीवर आहे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री उभ्या गाड्या पेटतात त्यामागं हे एक कारण असू शकतं.

सगळं जुनं वायरिंग काढून फेकलं. नवीन वायर, बॅटरीपासून वीतभर अंतरावर १५ अँपिअरचा फ्यूज, रिले, वरून नळीदार स्लीव्ह, भोकाला ग्रोमेट, आणि मॅनिफोल्डपासून लांबून फिरवून बांधली. ५५ वॅटचे दोन फॉग म्हणजे ११० वॅट, बारा व्होल्टवर नऊ-साडेनऊ अँपिअर, म्हणून १५ चा फ्यूज पुरतो, ३० चा टाकला तर बिघाड झाल्यावर फ्यूज शाबूत राहील आणि वायर जळेल. फ्यूज सारखा उडतोय म्हणून मोठा टाकणारे, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणारे अजून आहेत, कृपया असं करू नका, फ्यूज उडतोय म्हणजे तो काहीतरी सांगतोय. हेडलाइटचंही तेच. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा, त्या जागी शंभरचा टाकला तर तीच बारीक वायर आणि तोच होल्डर जवळपास दीडपट-पावणेदोनपट करंट ओढतो. मुलानं आमचे होल्डर काढून दाखवले, ते ठीक होते, पण त्यांच्याकडे दुसऱ्या गाड्यांतून काढलेले तपकिरी होऊन वितळलेले होल्डर डब्यात साठवून ठेवलेत, गिऱ्हाइकांना दाखवायला.

बॅटरीची क्लॅम्पिंग पट्टी ढिली होती, बॅटरी हातानं हलत होती. यात काय एवढं असं वाटेल, पण खड्ड्यात बॅटरी उडून प्लसचं टर्मिनल बॉनेटच्या पत्र्याला लागलं तर तोच शॉर्ट. लाल टोपी कुठंतरी पडली होती ती नवीन बसवली, टर्मिनलवरची हिरवट-पांढरी बुरशी गरम पाण्यानं साफ करून आवळलं. इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थिंगची पट्टी गंजली होती, ती बदलली. अर्थिंग खराब असलं की स्टार्टरचा करंट दुसरी वाट शोधतो, कधी कधी ॲक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून जातो आणि ती केबल तापते, ही गोष्ट मला तरी पहिल्यांदा कळली.

उंदीर हा पुण्यातला कायमचा विषय. पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहिली की बॉनेटखाली चिंध्या, नारळाच्या शेंड्या, चिप्सची पाकिटं आणून घरटं करतात, वायर कुरतडतात ते वेगळंच. आमच्या गाडीत बॅटरीच्या ट्रेखाली वाळका पाला आणि कापसाचा बोळा निघाला. काकांचा सल्ला साधा आहे, आठवड्यातून एकदा बॉनेट उघडा, टॉर्च मारा, हातानं कचरा काढा. काचेखालच्या जाळीतला पालाही, तो ब्लोअरमध्ये जातो आणि ब्लोअरचा रेझिस्टर चांगलाच तापतो.

आणखी एक, गाडी मिसिंग मारत असेल तर तशीच ओढत राहू नका. एका सिलेंडरला ठिणगी मिळत नाही तेव्हा न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर साफ करणाऱ्या डब्यात) जळतं आणि तो लाल होईपर्यंत तापू शकतो. अशी गाडी वाळक्या गवतावर उभी केली की झालं. प्लगच्या वायरी बघायला काकांनी संध्याकाळी शेडमधला दिवा बंद करून इंजिन चालू ठेवलं, तडकलेली वायर असेल तर अंधारात निळी ठिणगी उडताना दिसते. आमच्यात दिसली नाही. घरी बघायचं तर बघा पण हात लावू नका, जबरदस्त शॉक बसतो.

कूलंटच्या होजची गळतीही ते तेवढीच गांभीर्यानं घेतात, पाणी उडून गेल्यावर उरलेलं ग्लायकॉल तापलेल्या मॅनिफोल्डवर पेटू शकतं. सीएनजीचं काम इथं करत नाहीत, सरळ सांगतात की अधिकृत सेंटरला जा आणि सिलेंडरची तीन वर्षांची टेस्ट झालीय का बघा. मला हे योग्य वाटलं, येत नाही ते करायचं नाही.

निघताना काकांनी आग विझवायचा सिलेंडर आहे का विचारलं. ते विकत नाहीत, फक्त विचारतात. एक किलोचा एबीसी पावडरचा, आयएसआय मार्कचा, काटा हिरव्यात असलेला, आणि ठेवायचा पुढच्या सीटखाली पट्टीनं बांधून, डिकीत सामानाखाली नाही. आणि धूर दिसला तर काय करायचं तेही सांगितलं. गाडी बाजूला, चावी बंद म्हणजे पंप बंद, दारं लगेच उघडायची कारण वायरिंग जळालं की सेंट्रल लॉक अडकू शकतं, सगळे बाहेर आणि लांब, १०१ किंवा ११२ ला फोन. बॉनेट वर उचलायचं नाही, हवा मिळाली की आतली आग भडकून तोंडावर येते. धूर थोडाच असेल तर आतून लिव्हर ओढून जी बोटभर फट होते त्यातून पावडर मारायची. ज्वाळा दिसत असतील तर गाडीचा नाद सोडायचा, लांबच थांबायचं. जुन्या गाडीला आपण बरेच जण नुसती थर्ड पार्टी पॉलिसी घेतो, त्यात स्वतःची गाडी जळाली तर काही मिळत नाही हेही माहीत असू द्या. तरीसुद्धा गाडीसाठी जवळ जायचं नाही.

आता पैसे. होज, क्लिपा, टॅपेट पॅकिंग, अर्थिंग, फॉगचं वायरिंग, मजुरी सगळं मिळून सात हजारांच्या आतबाहेर. स्वस्त म्हणणार नाही, पण काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत घालून दिला आणि नवीन कुठला टाकला ते दाखवलं. महिनाभरानं परत बोलावलं, पैसे न घेता टॅपेट कव्हर आणि जोड पुन्हा टिश्यू लावून बघितले, कोरडे होते. पेट्रोलचा वास गेलाय, सिग्नलचा करपट वासही गेलाय.

अर्धा मार्क कशाला कापला, तर वेळेचा काही भरवसा नाही. उद्या म्हणाले की परवा धरायचं, वायरमन दुसऱ्या गॅरेजलाही जातो त्यामुळे तो येईपर्यंत गाडी अडकते. फोन दिवसा उचलत नाहीत, हात ऑइलचे असतात, संध्याकाळी सातनंतर लावा. बिल हातानं लिहितात आणि पार्टचं नाव नीट लिहीत नाहीत, मी होजवर छापलेलं आणि फ्यूजचा अँपिअर लिहून द्या म्हटलं तर दिलं, तुम्हीही मागा. एसीचं काम इथं नको, ते बाहेर पाठवतात आणि त्यात दिवस जातात. गल्ली अरुंद आहे, मोठी एसयूव्ही वळवायला त्रास होईल. यूपीआय चालतं. बसायला एक बाक आहे आणि समोर चहा चांगला मिळतो.

जाणार असाल तर त्यांना आधीच सांगा की रेग्युलर सर्व्हिसिंग नकोय, होज, गळती आणि वायरिंग बघायचंय, म्हणजे ते वेळ काढून ठेवतात. आणि गाडी आदल्या रात्रीच नेऊन लावा, त्यांना सकाळी इंजिन पूर्ण थंड लागतं.